सात नंबर

हॉलमधला डिमर आणि मी
एकाच वर्षी शाळेत रुजू झालो.
सेवाज्येष्ठतेत तो आठ दिवसांनी वरचढ.
दोघंही तापलो की वास येतो,
असं मोहोळकर बाई म्हणायच्या.
बाई निवृत्त झाल्या. वास राहिला.

बारा दांड्या. तिसरी मेलेली.
अकरावी फक्त थंडीत चालते.
आणि सात नंबर पार तळाला ओढली तरी
रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात
लिंबाच्या सालीएवढा उजेड उरतो.
एकोणीस वर्षं उरतोय.

समितीपुढे कोटेशन ठेवलं, नव्या कन्सोलचं:
दोन लाख चौतीस हजार, जीएसटी वेगळा.
अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
आकडा तोच होता.
म्हणाले, गॅदरिंग वर्षातून एकदाच ना हो, घोडके?
चहा आला. विषय बोअरवेलकडे गेला.

मग तपकीर गल्ली.
जिन्याखालचं दुकान; दोन गिऱ्हाइकं उभी राहिली
की तिसऱ्यानं श्वास रस्त्यावर जाऊन घ्यायचा.
पोरवालनं दांडी उलटीसुलटी केली.
"ही कंपनी गेली, काका. कंपनीचा मालकपण."
तरी त्यानं डबा काढला. डब्यात डबा.
त्यातून निघाली एक, अगदी तशी नाही,
पण बसेल अशी.
"जरा कानशीनं घासून घ्या."
घासून घेणं, म्हटलं, मला जमतं.
एकशे ऐंशी रुपये. पावती नाही.

रविवारी टॉर्च धरायला रुकय्या तांबोळी, आठवी ब.
आवाज लहान म्हणून तिला नाटकात घेतलं नव्हतं.
पण हात हलत नाही पोरीचा. अर्धा तास.
हे मोठ्या नटांना जमत नाही.

आत खडूची भुकटी, एक टिकली,
कुठल्याशा राजाच्या मिशीतले केस.
आणि सात नंबरखाली चिकटपट्टीवर चिकटपट्टी.
तिनं नखानं एकेक सोडवली:
कोर्ट.
रॉकेलची रांग.
आजारी राजा.
जंगल, ते खोडून अंगण.
सगळ्यात तळाशी निळी शाई, माझंच अक्षर,
तेव्हाचं, सरळ उभं:
चंद्र, हळू.

"हळू म्हणजे किती?"
सांगता येईना.
दांडी नसलेल्या त्या फटीवरून
मी बोट खाली नेऊन दाखवलं.
तिनं टॉर्च तशीच धरली होती,
माझ्या बोटाबरोबर मात्र तिची मान खाली येत गेली.

कथील वितळलं, बसलं.
सात नंबर लोण्यासारखी सरकू लागली.
मी घरी जाऊन दोनदा जेवलो म्हणा ना.

गॅदरिंग. सहावा प्रवेश. न्यायाधीश निकाल देतात आणि अंधार.
मी ओढली, आणि शून्य म्हणजे खरोखर शून्य झालं.
असला अंधार या हॉलनं कधी पाहिला नव्हता.
शेजारचा माझा हात मला दिसेना.
त्या अंधारात न्यायाधीश, म्हणजे नववीतला ओजस ढमढेरे,
स्टुलासकट आडवा.
धाडकन आवाज, आणि मग निकालाच्याच भारदस्त सुरात
"आई गं!"
चारशे पालक हसले. मुख्याध्यापकही.

मी नाही हसलो.
एकोणीस वर्षं पोरं अंधारात विंगेत जात होती,
राजे, भिकारी, एकदा तर चौघांचा घोडा,
एकजणही कधी धडपडला नव्हता.
मी आपला समजत होतो, तालमी चांगल्या होतात.

मध्यंतरात रुकय्यानं खिशातून पीएमपीचं तिकीट काढलं,
चार घड्या घालून सात नंबरच्या फटीत तळाला खोचलं,
दांडी खाली आणली, अडली तिथे सोडली
आणि मान उंचावून कोपऱ्याकडे बघितलं.

"जास्त होतोय," मी म्हणालो.

तिनं एक घडी उलगडली.